नवं जहाज कशावर चालवायचं? तेल, गॅस, मिथेनॉल, अमोनिया आणि थोडा वारा

२०२५ च्या दिवाळीत एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मी सेकंड इंजिनिअर होतो तेव्हा तो फोर्थ होता. एकाच इंजिनरूममध्ये आम्ही घाम गाळलेला. पुढे त्याने बोट सोडली, भागीदारीत दोन जुनी बल्क कॅरिअर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारी जहाजं, घेतली आणि आता तिसरं जहाज, आयुष्यात पहिल्यांदा कोरं करकरीत, चीनमधल्या एका यार्डात बांधून घ्यायचं ठरवलंय. यार्डाने पर्यायांचा तक्ता पाठवला होता: साध्या तेलाचं इंजिन, एलएनजीचं (द्रव नैसर्गिक वायूचं) ड्युएल फ्युएल, म्हणजे तेलावरही चालणारं, मिथेनॉलचं ड्युएल फ्युएल आणि चौथ्या ओळीत 'अमोनिया रेडी'.

"चीफ, यातलं कुठलं घेऊ?" त्याने विचारलं. आणि लगेच, "का काहीच नको? लंडनला तर सगळं पुढे ढकललं म्हणे."

तो म्हणत होता ते खरं होतं. १७ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, म्हणजे आयएमओच्या, लंडनमधल्या बैठकीत जहाजांच्या कर्बवायूवर पैसे लावणारी 'नेट-झिरो' चौकट मंजूर व्हायची होती. एप्रिलमध्ये ६३ विरुद्ध १६ मतांनी तिला प्राथमिक संमती मिळालेली होती, भारतानेही बाजूने मत दिलं होतं. ऑक्टोबरमध्ये मात्र ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे गेला.

त्याला जे फोनवर सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो. त्याच्यासारखे लहान मालक, जहाजं भाड्याने घेणारे आणि पुढे कुठल्या इंधनाचं प्रशिक्षण घ्यावं या विचारात असलेले तरुण इंजिनिअर, सगळ्यांनाच उपयोगी पडेल असं वाटतं.

आधी बिल, मग इंधन

जगातली सगळी जहाजवाहतूक मिळून २०१८ साली १०७ कोटी टनांहून जास्त हरितगृह वायू सोडत होती. माणसाने सोडलेल्या एकूण वायूंच्या २.८९ टक्के. हा आकडा आयएमओच्याच अभ्यासातला. २०२३ मध्ये त्याच संघटनेने २०५० च्या आसपास हे निव्वळ शून्यावर आणायचं ध्येय ठरवलं. आज यार्डातून निघणारं जहाज २५ वर्षं चालतं. म्हणजे मित्राचं जहाज भंगारात जाईल तेव्हा २०५० उजाडलेलं असेल. प्रश्नाची अडचण इथेच आहे: इंजिन एकदाच निवडायचं, नियम मात्र दर चार-पाच वर्षांनी बदलणार.

लंडनचं पुढे गेलं तरी ब्रुसेल्सचं, म्हणजे युरोपीय संघाचं, चालू आहे. युरोपच्या बंदरात जाणाऱ्या ५,००० ग्रॉस टनांवरच्या जहाजाला दोन हिशेब द्यावे लागतात. एक, उत्सर्जन परवान्यांचा: २०२४ च्या ४० टक्के उत्सर्जनावर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर आणि २०२६ पासून पूर्ण. बाहेरून युरोपात येणाऱ्या सफरीचं निम्मं उत्सर्जन धरतात. दुसरा, फ्युएल-ईयू मेरीटाइमचा: इंधनाच्या दर मेगाज्यूल ऊर्जेमागे किती वायू निघतो यावर मर्यादा. ९१.१६ ग्रॅम हा पाया, त्यावर २०२५ ला २ टक्के कपात, २०३० ला ६, २०३५ ला १४.५, २०४० ला ३१ आणि २०५० ला ८०.

मित्राचं जहाज साठेक हजार टनी, दिवसाला २५ टन तेल पिणारं धरू. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून सुएझमार्गे रॉटरडॅम साधारण साडेसहा हजार सागरी मैल; १३ नॉटने (ताशी १३ सागरी मैल) २१ दिवस, सव्वापाचशे टन तेल. एक टन जड तेल जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सोळाशे टनांवर. त्याचं निम्मं, आणि एका टनाचा परवाना ७० युरो धरला तर एका बाजूच्या सफरीला ५७ हजार युरो. वर फ्युएल-ईयूची तूट भरून काढली नाही तर आणखी पंधरा-सोळा हजार युरो दंड. तेल ५०० डॉलर टन धरलं, तर इंधनाच्या बिलावर जवळपास तिसरा हिस्सा वर चढला.

पण हे जहाज वर्षभर इंडोनेशियाचा कोळसा आणत राहिलं तर? मग यातला एकही युरो लागू नाही. राहतं ते फक्त जहाजाच्या कर्बकार्यक्षमतेचं आयएमओचं ए ते ई प्रगतिपुस्तक, सीआयआय नावाचं. त्यात नापास झालं तर दंड नाही, सुधारणेचा आराखडा द्यायचा आणि चार्टररची, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याची, नाराजी सोसायची.

म्हणून मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. जहाज कुठल्या मार्गावर? तेलाचे पैसे कोण भरणार, तू की चार्टरर? आणि जहाज किती वर्षं ठेवणार आहेस? तिसऱ्या प्रश्नावर तो गप्प झाला. लहान मालक दहा-बारा वर्षांत विकतो, आणि विकताना घेणारा काय बघेल हाही निवडीचाच भाग आहे.

पाच इंधनं एका नजरेत

शेवटच्या स्तंभातले आकडे युरोपीय नियमांच्या हिशेबाने आहेत: इंधन जमिनीतून काढल्यापासून धुराड्यातून जाईपर्यंत, दर मेगाज्यूलला ग्रॅममध्ये.

| इंधन | एका किलोत मेगाज्यूल | टाकीला जागा, तेलाच्या तुलनेत | एकूण वायू |
|---|---|---|---|
| जड तेल | ४०.२ | १ | ९१ ते ९२ |
| एलएनजी | सुमारे ४९ | १.८ पट, इन्सुलेशन वेगळं | ७६ ते ८९, इंजिनाप्रमाणे |
| नैसर्गिक वायूपासूनचं मिथेनॉल | १९.९ | अडीच पट | सुमारे १०० |
| नैसर्गिक वायूपासूनचा अमोनिया | १८.६ | तिप्पट | सुमारे १२१ |
| टाकाऊ खाद्यतेलाचं बायोडिझेल | ३७ | १.२ पट | १५ ते २० |

मिथेनॉल आणि अमोनियाच्या ओळी नीट वाचा. बाजारात आज मुबलक मिळणारं मिथेनॉल आणि अमोनिया बहुतेक नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतं आणि ते जाळणं तेलापेक्षा वाईट. 'हिरवं' मिथेनॉल आणि हे मिथेनॉल एकाच बाटलीत ओतलं तर रसायनशास्त्रज्ञालाही सहज वेगळं सांगता येणार नाही. रंग टाकीत नसतो, सोबतच्या दाखल्यात असतो. मालकाने पैसे मोजायचे ते त्या दाखल्याचे.

साधं इंजिन, पण कमी खाणारं

यार्डाच्या तक्त्यातली पहिली ओळ लोक वाचतही नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिच्याबद्दल.

जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद २७ टक्क्यांनी कमी लागते. सफर लांबते, तरीही एका सफरीचं तेल १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. वरच्या रॉटरडॅमच्या हिशेबात १३ ऐवजी ११.७ नॉट ठेवलं तर २१ चे २३ दिवस होतील आणि शंभर टन तेल वाचेल. एवढी बचत देणारी मशीन अजून कुणी बनवलेली नाही.

मग सगळे हळू का चालत नाहीत? कारण करारात लिहिलेलं असतं 'शक्य तितक्या लवकर'. पूर्ण वेगाने धावत जायचं आणि बंदराबाहेर नांगर टाकून आठ दिवस धक्क्याची वाट बघायची, हे मी किती वेळा केलंय याची मोजदाद नाही. आधी पोचणाऱ्याचा नंबर आधी आणि थांबण्याचे पैसे वेगळे मिळणार, मग कॅप्टन तरी वेग का कमी करेल? बंदर, चार्टरर आणि मालक तिघांनी पोचायची वेळ आधी ठरवून घेतली तर नवं इंधन न घेता उत्सर्जन उतरतं. तंत्रज्ञान लागत नाही, करारातलं एक कलम लागतं. बहुधा म्हणूनच ते अवघड आहे.

दुसरं, जहाजाचा तळ. एकदा गुजरातच्या किनाऱ्यावर एका बंदराबाहेर आमचं जहाज महिनाभर नांगरावर होतं. पाणी कोमट, जहाज स्थिर. निघालो तेव्हा इंजिनाचे फेरे तेच, वेग मात्र दीड नॉटने कमी. डायव्हर खाली गेला आणि प्रोपेलरचे फोटो घेऊन आला: पाती दिसतच नव्हती, नुसते बार्नॅकल. दोन दिवस घासणं झालं आणि वेग परत आला. आपल्याकडे मचव्याचा तळ दरवर्षी खरवडून तेल चोपडतात, ते काही हौसेने नाही. मोठ्या जहाजावर मात्र हा खर्च मालकाचा आणि वाचणारं तेल चार्टररचं, त्यामुळे पाच वर्षांच्या ड्रायडॉकपर्यंत, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढेपर्यंत, दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. चांगला सिलिकॉन रंग, मोठा आणि हळू फिरणारा प्रोपेलर, त्याच्यापुढे पाण्याचा प्रवाह सरळ करणारी डक्ट, या गोष्टी नव्या बांधणीत घेणं सोपं असतं. नंतर बसवायच्या म्हणजे दुप्पट त्रास.

या पर्यायाची मर्यादा उघड आहे. कितीही कमी तेल जाळलं तरी ते तेलच. दर मेगाज्यूलचे ९१ ग्रॅम तसेच राहतात. सीआयआय सुधारतं, युरोपच्या परवान्यांचं बिल उतरतं, पण फ्युएल-ईयूची इंधनावरची मर्यादा गाठता येत नाही. त्यासाठी टाकीत दुसरं काहीतरी घालावंच लागेल.

एलएनजी

एलएनजी म्हणजे उणे १६२ अंशांना द्रव केलेला नैसर्गिक वायू. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेलापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, गंधक जवळजवळ नाही, आणि सिंगापूर-रॉटरडॅमसारख्या बंदरांत बंकर (जहाजात भरायचं इंधन) म्हणून मिळतं. मोठ्या कंटेनर कंपन्यांनी शेकड्याने अशी जहाजं मागवली आहेत. विक्रेत्याचं ऐकलं तर इथेच सही करावीशी वाटते.

गोम मिथेनमध्ये आहे. न जळता सिलिंडरमधून निसटणारा मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८-३० पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींहून जास्त तापवतो. किती निसटतो हे इंजिनावर अवलंबून. युरोपच्या नियमांत कमी वेगाच्या उच्च दाबाच्या इंजिनासाठी ०.२ टक्के धरतात, कमी वेगाच्या कमी दाबाच्या इंजिनासाठी १.७ आणि मध्यम वेगाच्या कमी दाबाच्या इंजिनासाठी ३.१. तक्त्यातला ७६ ते ८९ चा फरक यातूनच येतो. पहिलं इंजिन युरोपची मर्यादा २०३९ पर्यंत पार करतं, दुसरं २०३४ पर्यंत. तिसरं २०३० लाच अडकतं. एकच इंधन आणि दहा वर्षांचा फरक, म्हणून यार्ड नुसतं 'एलएनजी' म्हणालं तर पहिला प्रश्न दाबाचा विचारायचा. मुख्य इंजिन उच्च दाबाचं असलं तरी जनरेटर बहुधा तिसऱ्या प्रकारचे असतात. हे कॅटलॉगच्या पहिल्या पानावर सापडणार नाही. २०२६ पासून युरोपच्या परवान्यांत मिथेनही मोजला जातो, त्यामुळे निसटलेल्या वायूचंही बिल येणार.

मित्राच्या धंद्याला आणखी एक अडचण. त्याचं जहाज टॅक्सीसारखं आहे, मिळेल तिथे जाणारं. बसच्या मार्गासारखं ठरलेलं नाही. तीन आठवडे नांगरावर पडलं की टाकीतला एलएनजी उकळत राहतो, त्या वाफेचं काहीतरी करावंच लागतं. ठरलेल्या वेळापत्रकाचं लायनर जहाज थांबत नाही, म्हणून त्यांना हे खपतं. शिवाय क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड, टाकी आणि नळ्यांमुळे बांधणीचा खर्च भरपूर वाढतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर गॅसचे भाव असे भडकले की कित्येक ड्युएल फ्युएल जहाजं मुकाट्याने तेलावर परतली. महागडी टाकी नुसती बरोबर हिंडत होती.

नंतर बायोमिथेन किंवा कृत्रिम मिथेन त्याच टाकीत भरता येईल, हा एलएनजीवाल्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण साठ हजार टनी भटक्या जहाजासाठी मला हा पर्याय जुळत नाही.

मिथेनॉल

हाताळायला सगळ्यात सोपं हेच. साध्या तापमानाला द्रव, त्यामुळे क्रायोजेनिक काही नाही. टाकीला खास रंग आणि भोवती कोफरडॅम, म्हणजे दोन भिंतींमधली रिकामी जागा, केला की झालं. स्टेना जर्मानिका ही फेरी २०१५ पासून मिथेनॉलवर चालली. २०२३ मध्ये मर्स्क या डॅनिश कंपनीची २,१०० कंटेनरची लॉरा मर्स्क आली, पुढच्या जानेवारीत १६,००० कंटेनरची अ‍ॅन मर्स्क. इंजिन चालतं हा प्रश्न मिटला.

सोपं म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ज्वाला दिवसा दिसत नाही, बाराएक अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ होते, आणि पोटात गेलं तर काय होतं हे मुंबईला सांगायला नको: २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते हेच मिथेनॉल. 'अल्कोहोल' हा शब्द ऐकून खलाशी काय प्रयोग करतील याची काळजी मला इंजिनापेक्षा जास्त वाटते.

पण खरी अडचण पुरवठ्याची. डेन्मार्कमधल्या कासो इथे २०२५ मध्ये हरित विजेपासून मिथेनॉल बनवणारा मोठा कारखाना सुरू झाला. क्षमता वर्षाला ४२,००० टन. मित्राचं जहाज वर्षाला साडेपाच हजार टन तेल जाळतं. तेवढ्याच ऊर्जेला सुमारे अकरा हजार टन मिथेनॉल लागेल. म्हणजे तो अख्खा कारखाना असली चार जहाजंसुद्धा धड पोसू शकत नाही. मर्स्कने मिथेनॉलचा झेंडा सगळ्यात आधी उचलला आणि २०२४ च्या अखेरीस वीस एलएनजी जहाजंही मागवली. त्यांच्यावर टीका झाली, पण मला त्यात ढोंग दिसत नाही. त्यांनी पुरवठ्याचे कागद वाचले असावेत.

तरी मिथेनॉलची एक गोष्ट मला पटते: आज तयारी करून ठेवायला ते स्वस्त पडतं. इंजिन नंतर बदलता येतं, जागा नंतर निर्माण करता येत नाही.

अमोनिया

कोकणातल्या कुठल्याही मासळी बंदरावर वाढलेल्या माणसाला अमोनिया शिकवावा लागत नाही. बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटला की डोळे चोळत सगळे वाऱ्याच्या उलट्या दिशेला पळतात. हवेच्या दहा लाख भागांत तीनशे भाग झाले की जिवाला तत्काळ धोका. बर्फाच्या कारखान्याला बाहेर पळायला रस्ता असतो. जहाजावर वीस माणसं आणि चहूबाजूंनी समुद्र.

रेणूत कार्बनच नाही, हे त्याचं मोठं आकर्षण. हरित विजेपासून बनवला तर उत्सर्जन जवळजवळ नाहीसं. पण इंजिनातून नायट्रस ऑक्साइड निघाला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापवतो. तो किती निघतो आणि गाळता किती येतो यावर अजून काम चालू आहे. २०२४ मध्ये सिंगापुरात फोर्टेस्क्यू कंपनीचं ग्रीन पायोनिअर जहाज डिझेलच्या जोडीने अमोनियावर चाललं, त्याच वर्षी टोकियोच्या खाडीत एनवायके या जपानी कंपनीचा साकिगाके टग. त्याच डिसेंबरमध्ये आयएमओने अमोनियासाठी अंतरिम मार्गदर्शक नियम मान्य केले. म्हणजे सुरुवात झाली आहे, पण सुरुवातच.

भारताच्या दृष्टीने मात्र हाच पर्याय सगळ्यात रंजक. २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव झाले, त्यात पहिला भाव निघाला ५५.७५ रुपये किलो. ऊर्जेच्या हिशेबाने बघू: एका गिगाज्यूलला सुमारे तीन हजार रुपये. ५०० डॉलर टनाचं तेल त्याच मापाने अकराशेच्या आत. पावणेतीन पट. लोकांना पाच-सहा पट वाटत होतं, त्यामानाने अंतर कमी झालंय. कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन ही हरित हायड्रोजनची केंद्रं म्हणून सरकारने निवडली आहेत. तिथे बंकरिंग सुरू झालं तर चित्र बदलेल.

पण 'झालं तर'. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशातला प्रकार नको. 'अमोनिया रेडी' या ओळीबद्दल मित्राला एवढंच सांगितलं: रेडी म्हणजे नक्की काय, हे क्लासच्या, म्हणजे जहाज तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या, कागदावर वाच. काही ठिकाणी त्याचा अर्थ टाकीखालचं पोलाद आधीच भक्कम केलंय असा असतो. काही ठिकाणी फक्त एक नकाशा मंजूर झालेला असतो, आणि नकाशाचे पैसे जहाजाच्या भावात लावलेले असतात.

बायोडिझेल: दिसायला सामान्य

वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेलं बायोडिझेल २४ किंवा ३० टक्के मिसळून सिंगापूर आणि रॉटरडॅमला मिळतं. इंजिन बदलायला नको, टाकी बदलायला नको, नवा परवाना नको. ३० टक्के मिश्रण दर मेगाज्यूलला सत्तरएक ग्रॅमवर येतं. परत तक्ता बघा: महागड्या एलएनजी जहाजापेक्षा हे कमी आहे, आणि फक्त युरोपच्या सफरीपुरतं घेता येतं. २०२९ पर्यंतची फ्युएल-ईयूची मर्यादा गाठायला तर ऊर्जेच्या हिशेबाने जेमतेम तीन टक्के बायोडिझेल पुरतं. तेही नको असेल तर मर्यादेपेक्षा कमी वायू सोडून ज्यांच्याकडे शिल्लक आहे त्यांच्याशी हिशेब एकत्र करायची मुभा नियमातच आहे.

तक्रारी आहेत. टाकीत फार काळ ठेवलं तर जंतू वाढतात आणि फिल्टर तुंबतात; थंडीत घट्ट होतं; जुन्या नळ्यांची रबरी सीलं खातं. दाखला पक्का हवा, कारण ताज्या पाम तेलाला 'वापरलेलं' म्हणून खपवल्याचे संशय जगभर आहेत. आणि जगात तळणीचं तेल निघणार तरी किती? विमानवाल्यांचाही डोळा त्यावरच आहे. आपल्याकडच्या एका स्नेह्याने विचारलं, मग आपल्या उसाचं इथेनॉल का नाही? युरोपचा नियम खाण्याच्या आणि चाऱ्याच्या पिकापासूनचं इंधन सर्वात वाईट खनिज इंधनाच्या बरोबरीनेच मोजतो. सांगली-कोल्हापूरला हे आवडणार नाही.

आणि वारा

इंधनाचा विषय चालू असताना शिडं कशाला, असं वाटेल. पण वाऱ्याला दाखला लागत नाही आणि बंकरही भरावा लागत नाही. अँटोन फ्लेटनर या जर्मन अभियंत्याने फिरत्या उभ्या नळकांड्यांवर जहाज चालवून दाखवलं, त्याला शंभर वर्षं झाली. आज पाच रोटर लावलेली लोहखनिजाची अवाढव्य जहाजं ब्राझील-चीन मार्गावर आहेत. कारगिलने भाड्याने घेतलेल्या पिक्सिस ओशनवर ३७.५ मीटर उंचीचे शिडांसारखे दोन पंख बसवले. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी तीन टन इंधन वाचल्याचं कंपनीने सांगितलं.

मित्राला मी हे सुचवलं नाही. कारण साधं आहे: त्याच्या जहाजावर माल उतरवायला चार क्रेन असतील. पंख क्रेनच्या आड येणार, आणि पंखांमुळे क्रेनचं काम अडणार. त्याने जर ऐंशी हजार टनी, बिनक्रेनचं जहाज घेतलं असतं आणि लांब पल्ल्याचे, भरपूर वाऱ्याचे मार्ग असते, तर सल्ला वेगळा असता.

त्याला काय सांगितलं

वर्षातून दोन-तीन फेऱ्या युरोपला, बाकी आशियातच. तेल बहुतेक वेळा चार्टरर भरणार. जहाज बारा वर्षं ठेवायचं. एवढ्या माहितीवर माझा कौल असा: साधं पण उत्तम कार्यक्षमतेचं इंजिन, मोठा हळू फिरणारा प्रोपेलर, चांगला रंग, बंदरात किनाऱ्यावरची वीज घ्यायची सोय. युरोपच्या सफरीला बायोडिझेलचं मिश्रण. टाइम चार्टरच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याच्या, करारात दोन कलमं: नांगरावर पंधरा दिवसांपेक्षा जास्त थांबलं तर तळ घासायचा खर्च चार्टररचा, आणि युरोपचे परवाने जो तेल भरतो तोच देणार. इंधनाच्या टाक्यांशेजारी मिथेनॉलसाठी कोफरडॅमसकट जागा, कागदावर नव्हे, पोलादात.

हा सल्ला एखाद्या ठरलेल्या मार्गावरच्या मोठ्या कंटेनर कंपनीला देणार नाही. त्यांनी उच्च दाबाचं एलएनजी किंवा थेट मिथेनॉल घ्यावं. त्यांच्याकडे इंधनाचे दीर्घ मुदतीचे करार करायची ताकद आहे आणि कारखाने उभे राहतील ते त्यांच्याच मागणीवर. आणि तरुण इंजिनिअरना सांगेन, कमी ज्वलनांकाच्या, म्हणजे कमी तापमानालाच पेट घेणाऱ्या, इंधनांचा कोर्स करून ठेवा. मालक काहीही निवडो, मिथेनॉल, गॅस की अमोनिया, तो दाखला असलेला माणूस त्याला लागणारच.

परवा मित्राने यार्डाची ईमेल पाठवली. कोफरडॅम हवे असतील तर पहिली प्लेट कापण्याआधी कळवा, नंतर बदल होणार नाही. तारीखही दिली होती. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं: "चीफ, होल्डमधली थोडी जागा जातेय. भागीदार कुरकुरतायत. पण ठेवतोय."